‘फकिरा’ : कादंबरीमागचा काळ आणि समाज



अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. काहींनी ती नुसतीच ऐकली असेल. बहुतेकांच्या मनात फकिरा म्हणजे घोड्यावरचा शूर वीर, इंग्रजांचा खजिना लुटणारा. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. फकिराला हाती तलवार का घ्यावी लागली, हे समजून घ्यायचे तर त्या काळाचा गाव, दुष्काळ आणि कायदा या तिन्हींकडे पाहावे लागेल. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. मातंग समाजात जन्मलेला, कम्युनिस्ट पक्षाच्या लाल बावटा कलापथकातून पुढे आलेला हा लेखक आपली सर्वांत मोठी कृती बाबासाहेबांच्या लेखणीला वाहतो, ही गोष्ट साधी नव्हे.

आता गावाचा विचार करू. बलुतेदारीच्या गावात मांगाने दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, हलगी वाजवायची आणि रात्री गावाची राखणही करायची. म्हणजे गावाच्या सुखरूपतेचा भार त्याच्यावर. आणि चोरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच! कादंबरीच्या आरंभी फकिराचा बाप राणोजी वाटेगावच्या मानासाठी दुसऱ्या गावची जोगणी आणतो आणि त्यापायी प्राण गमावतो. गावाच्या इज्जतीसाठी मांगाचे मरण गावाला चालते, परंतु त्याच मांगाचे घर गावाच्या आत चालत नाही. अण्णाभाऊंनी या अन्यायावर व्याख्यान दिलेले नाही, त्यांनी तो दाखवला आहे.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले. त्यातच १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो गावोगाव पसरला. सोलापूर जिल्हा तर दुष्काळाचे घरच. आपल्या कुर्डुवाडीचेच पाहा. या स्टेशनाचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. मुंबईकडून आलेली मोठी रेल्वे १८५९ सालीच इथे पोहोचली होती आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली, म्हणजे ऐन दुष्काळाच्या दिवसांत, सुरू झाली. धान्य वाहून नेण्याची सोय झाली होती, पण ज्याच्या कनवटीला पैसा नाही त्याच्यासाठी धान्याची गाडी आली काय आणि गेली काय, सारखेच. भूमिहीन माणूस दुष्काळात पहिला मरतो. धान्य कुठेच नसते म्हणून तो मरतो असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते, म्हणून तो मरतो.

कादंबरीत मांगवाड्यावर हीच वेळ येते. विष्णुपंत कुलकर्णी नावाचा सज्जन माणूस त्यांना मरू नका, जगा, असे सांगतो. त्यानंतर फकिरा आपल्या साथीदारांसह धान्य लुटतो आणि ते उपाशी माणसांना वाटतो. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटला जातो. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, लुटीचे प्रसंग वाचताना त्याआधीची भुकेची पाने गाळू नका.

तिसरी गोष्ट कायद्याची आणि हीच सर्वांत महत्त्वाची. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीच्या माणसांची नोंद व्हायची आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने यायची. आणि त्या जाहीरनाम्याच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हते! हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. बोटांचे ठसे घेणे आले. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून ठेवण्याचीही तरतूद झाली. परंतु आपल्याकडे संशयित जातींच्या माणसांना चावडीवर हजेरीला उभे करण्याची रीत या कायद्याच्या आधीपासूनच होती. म्हणजे कायदा साहेबाचा असला तरी संशय गावचाच होता. साहेबाने गावच्या संशयाला सरकारी शिक्का दिला, एवढेच. कादंबरीतील हजेरीचा जाच वाचताना ही दुहेरी गाठ ध्यानात ठेवावी.

‘फकिरा’नंतर एकाच वर्षाने, १९६० साली, अमेरिकेत हार्पर ली या लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यात टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसाला गोरे पंच दोषी ठरवतात. तिथेही आधी रंग पाहिला जातो, पुरावा नंतर. पण टॉमला निदान खटला मिळाला, बाजू मांडणारा वकील मिळाला. आमच्याकडे जमातीच्या जमाती खटल्यावाचूनच गुन्हेगार ठरल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावरचा आरोप सिद्ध झालेला असे.

याची खूण शोधायला दूर जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, अशा जमातींसाठी सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली जात, हजेरी घेतली जाई आणि गिरण्यांत त्यांच्याकडून काम करून घेतले जाई. या खात्याचे अधिकारी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ साली एक समिती नेमली. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या या समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एकत्र मांडले आणि असे समूह निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. बाबासाहेबांनी या तिघांचे दुःख एकत्र पाहिले. आपण ते वेगवेगळे करून बसलो आहोत.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण ज्या १९५९ साली ‘फकिरा’ वाचकांच्या हाती आली, त्याच साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. तो जातीवर नव्हता, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीपुरता होता, हे खरे. तरीही नजर तीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीनुसार कामे वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवरही न्यायालयाने बोट ठेवले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली तरी हे सांगावे लागले!

आता शेवटचा प्रश्न, आणि तो सरकारला नाही, आपल्याला आहे. आपल्या वस्तीच्या कडेला पारध्याची पाले पडली तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? एखाद्या घरी चोरी झाली तर आपण कोणाकडे बोट दाखवतो? ज्या संशयाने आपल्या वाडवडिलांना चावडीपुढे उभे केले, तोच संशय आज आपल्या डोळ्यांत असेल तर ‘फकिरा’ वाचून आपण काय मिळवले? मातंग आणि बौद्ध यांच्यातील अंतर आपण किती कमी केले, हाही प्रश्न त्या अर्पणपत्रिकेने आपल्यापुढे ठेवला आहे. अण्णाभाऊंनी हात पुढे केला, तो धरण्याचे काम आपले आहे.

कादंबरीच्या अखेरीस सरकार फकिराच्या माणसांना, बायकापोरांसह, कोंडून ठेवते आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः हजर होतो. विद्यार्थी मित्रांनो, ही कादंबरी ग्रंथालयातून आणून वाचा, घरी मोठ्याने वाचून दाखवा आणि शक्य झाल्यास पालावरच्या मुलाला आपल्या अभ्यासवर्गात शेजारी बसवा. ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते त्याच्या शेजारी बसण्याने ‘फकिरा’चा खरा सन्मान होईल.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. जय भीम!