चित्रफितीची बांधणी



'मोगाचो आंवडो' हा पहिला कोंकणी चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजी याच म्हापशात प्रदर्शित झाला. हलत्या चित्रांशी या गावाचे नाते असे जुने आहे. म्हणून ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या प्रसंगी चित्रफितींच्या जतनाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

१९९६ साली पेडणे तालुक्यातील एका जत्रेतला दशावतारी काला आम्ही व्हीएचएस फितीवर टिपला. पुढे तिची व्हीसीडी केली. त्या तबकडीवरून संगणकासाठी एक प्रत, तिच्यावरून मोबाइलसाठी आणखी लहान प्रत. काम झाले म्हणून मूळ फीत मी टाकून दिली. आज पाहतो तो संकासुराच्या काळ्या वेषाच्या जागी चौकोनी ठिगळे दिसतात. मृदंगावर साथ करणारे वृद्ध कलावंत आता हयात नाहीत, आणि त्यांचा चेहराही ओळखू येत नाही. दोष यंत्राचा नव्हे, माझ्या अज्ञानाचा.

हे अज्ञान ग्रंथालयाच्याच भाषेत सांगतो. व्हिडिओ फाइलमध्ये मजकूर वेगळा आणि बांधणी वेगळी. एमपी-४, एमकेव्ही या बांधण्या. आतील चित्राचे एच.२६४ सारखे संकेतन हा मजकूर. नव्या बांधणीत तो मजकूर चालत असेल, तर तो जसाच्या तसा हलवता येतो. एफएफएमपेग या मुक्त आज्ञावलीत त्यासाठी 'कॉपी' असा पर्याय आहे. पुस्तकाचा पुठ्ठा बदलल्याने एक अक्षरही गळत नाही, तसेच हे.

पुनर्संकेतन मात्र सारांशलेखन होय. डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील त्यात वगळला जातो. सारांशाचा सारांश करीत गेलो, तर अखेरीस काय उरणार? पुढे फाइलचा आकार वाढवला तरी गेलेले परत येत नाही.

व्हीएचएस फितीची पहिली संगणकीय प्रत म्हणूनच एफएफव्ही१ सारख्या अक्षत संकेतनात करावी. ती मोठी जागा व्यापते, पण तीच आपली मूळ संहिता. पाहण्यासाठीची प्रत्येक लहान प्रत तिच्यावरूनच काढावी आणि मूळ फीत कदापि टाकू नये.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. चालू यंत्रे विरळ होत आहेत आणि फितींवरील चुंबकीय थरही झिजतो आहे. आपल्या घरच्या कपाटात एखादी फीत असेल, तर ती या ग्रंथालयाकडे आणावी. माझ्या हातून निसटले ते आपल्या हातून निसटू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.