पडद्यावरचे भूत

एखाद्या पतपेढीच्या कचेरीत संध्याकाळी दिवसाचे काम आटोपते. कारकून ठेवींच्या नोंदींचा तक्ता मिटवतो, संगणकाच्या पडद्यावर करड्या रंगाची मोकळी पाटी उरते. आणि त्या मोकळ्या पाटीवर मघाच्या तक्त्याच्या उभ्या-आडव्या रेघा, पुसट का होईना, तशाच दिसत राहतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी रेघा जागच्या जागी. मग कुणी म्हणतो, यंत्रात व्हायरस शिरला. कुणी म्हणतो, पडदा गेला, नवा घ्या. नव्या पडद्याचा खर्च मंजूर करावयाचा की नाही हा प्रश्न संचालकांपुढे जातो, आणि ज्याच्या हाताखाली हे घडले त्या कारकुनाकडे सारेजण थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागतात.

भूत म्हटले की मांत्रिक आलाच. या भुताचेही मांत्रिक पुष्कळ आहेत. कुणी पडदा ओल्या फडक्याने पुसावयास सांगतो, कुणी रात्रभर पांढरा शुभ्र पडदा लावून ठेवा म्हणतो. परंतु उतारा टाकण्यापूर्वी हे भूत राहते कोठे, ते ठरविले पाहिजे. यंत्राला पडद्यावरील दृश्याची नक्कल आपल्या पोटात घेता येते. तिला स्क्रीनशॉट म्हणतात. ही नक्कल दुसऱ्या एखाद्या पडद्यावर उघडून पाहावी. तेथे रेघा नसतील, तर यंत्राने त्या काढलेल्याच नाहीत. यंत्र निर्दोष आहे, व्हायरसही निर्दोष आहे, आणि जे काही आहे ते पडद्यात किंवा त्याच्या तारेत आहे.

त्यानंतर पडद्यावरील एखादी चौकट इकडून तिकडे सरकवून पाहावी. छाया चौकटीबरोबर सरकत असेल, प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगास त्याची फिकट जोडप्रतिमा दिसत असेल, तर दोष बहुधा जुन्या पद्धतीच्या तारेचा असतो. लांब आणि हलक्या प्रतीच्या तारेत विद्युत्संदेशाचा काही अंश टोकाशी आपटून परततो आणि किंचित उशिराने पुन्हा पडद्यावर येतो. गच्चीवर अँटेना उभारून दूरचित्रवाणी पाहण्याच्या काळात डोंगरावरून वा उंच इमारतीवरून परतलेल्या लहरी जी दुहेरी माणसे दाखवीत, त्यांतलाच हा प्रकार. येथे तार बदलली की भूत गेले. हलत्या चित्रामागे क्षणभर शेपूट उमटते तो प्रकार आणखी निराळा. तो केवळ पडद्याचा मंदपणा होय.

आता राहिली ती जागची न हलणारी छाया. कचेरीतले भूत ते हेच.

आजचे बहुसंख्य सपाट पडदे द्रवस्फटिकांचे असतात. हा पदार्थ मोठा चमत्कारिक. १८८८ साली फ्रीड्रिख राइनित्सर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ एक सेंद्रिय पदार्थ तापवीत असता त्याला तो दोनदा वितळताना दिसला: प्रथम १४५ अंशांच्या सुमारास गढूळ द्रव, आणि पुढे १७८ अंशांच्या सुमारास स्वच्छ द्रव. मधली जी गढूळ अवस्था, तिच्यात पदार्थ वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू मात्र स्फटिकातल्याप्रमाणे ओळीने उभे असतात. (चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले, हेही जाता जाता सांगावयास हवे.) पडद्यात या द्रवाचा अतिशय पातळ थर दोन काचांमध्ये कोंडलेला असतो. उजेड मागून येतो. विजेच्या दाबाने रेणू वळतात आणि त्या वळण्यावर उजेड किती सोडावा, किती अडवावा हे ठरते. रेणू म्हणजे जणू दिव्यापुढची झडप.

या द्रवात कितीही शुद्धता राखली तरी विद्युद्भारित अशुद्ध कणांचा लेश राहतोच. ते एकाच काचेकडे ओढले जाऊ नयेत म्हणून विजेच्या दाबाची दिशा चित्रागणिक उलटविली जाते, आणि चित्रे तर सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतात. तथापि हा समतोल अगदी काटेकोर नसतो. तोच तक्ता सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच जागी उभा राहिला म्हणजे थोडाथोडा भार एका बाजूस साचत जातो. वरून वीज बदलली तरी साचलेला भार रेणूंना पुरते वळू देत नाही, आणि जेथे रेघ होती तेथे रेघेची सावली राहते. यात काहीही जळलेले नाही वा झिजलेले नाही. पडदा रात्रभर बंद ठेवावा, अथवा त्यावर बदलती दृश्ये चालू ठेवावीत. भार ओसरतो आणि सावली विरते. यास कधी काही मिनिटे लागतात, कधी कित्येक तास, आणि महिनोन् महिने एकच चित्र उभे राहिले असेल तर त्याहूनही अधिक. पांढरा पडदा लावण्याचा उपाय येथे निदान अपायकारक नाही.

मात्र हाच उपाय दुसऱ्या जातीच्या पडद्यावर केला तर नुकसान होते. ज्याला ओएलईडी म्हणतात त्या पडद्यात मागे दिवा नसतोच. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हान स्लाइक यांनी १९८७ साली ज्या सेंद्रिय दिव्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचा हा वंशज. हे ठिपके जळता जळता म्हातारे होतात, त्यांत निळे सर्वांआधी. खालच्या कडेची जी पट्टी सतत उजळ राहते, तिच्यामागचे ठिपके शेजाऱ्यांपेक्षा लवकर मंदावतात. तेथे दिसते ते वास्तविक भूत नव्हेच, झीज आहे. आणि झिजलेली वस्तू पूर्ण प्रकाशात रात्रभर जाळल्याने नवी होत नाही, उलट उरलेल्यांचे आयुष्य मात्र कमी होते. काही उत्पादक अशा पडद्यात झिजेचा अंदाज घेऊन ठिपक्यांचा प्रकाश जुळवून घेण्याची योजना ठेवतात. तिचा उपयोग करावा. परंतु उजळपणा बेताचा ठेवणे, स्थिर पट्टी लपविणे आणि काम नसता पडदा बंद होऊ देणे, हे आरंभापासून केलेलेच खरे.

जुन्या काचनळीच्या पडद्यांत तर हा ठसा कायमचाच असे. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या चकाकणाऱ्या लेपावर एकाच जागी आदळत राही आणि लेप निकामी होई. १९८३ साली जॉन सोचा याने एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली: तीन मिनिटे कुणी कळफलकाला हात लावला नाही की पडदा काळा व्हावा. पडदा राखणाऱ्या पहारेकऱ्यांचा हा मूळ पुरुष. पुढे या पहारेकऱ्यांना नाचगाण्याचा छंद लागला, पडद्यावर मासे पोहू लागले, पाव भाजण्याची यंत्रे पंख लावून उडू लागली. आणि आज द्रवस्फटिकाच्या पडद्यामागील दिवा विनाकारण जळत ठेवून पुष्कळ ठिकाणी हा तमाशा चालू असतो. पडदा सरळ बंद होऊ देणे कितीतरी बरे.

जुनी काचनळी मोडीत काढताना मात्र तिच्याकडे एकवार निरखून पाहावे. वर्षानुवर्षे एकच मजकूर दाखविलेल्या नळीवर तो वीज नसतानाही वाचता येण्याइतका उमटलेला आढळतो, आणि तो पुसण्याचा उपाय नाही. ती घरी फोडूही नये. आत निर्वात पोकळी असल्याने काच आत चेपून उडते, आणि त्या काचेत शिसे असते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ती सोपवावी.

पतपेढीच्या संचालकांनी मात्र खर्चाचा ठराव एक बैठक पुढे ढकलावयास हरकत नाही. शनिवारी दुपारी पडदा भिंतीवरच्या बटणापासून बंद करावा आणि सोमवारी सकाळी पुन्हा करडी पाटी लावून पाहावी. रेघा फिकटल्या असतील तर वाट पाहावी. मुळीच फिकटल्या नसतील तर हमीपत्र काढून त्यातील बारीक अक्षरे वाचावीत, कारण स्थिर चित्राने उमटलेला ठसा पुष्कळशा हमीपत्रांतून वगळलेला असतो.