कोकोला मोहाची गोडी

साखर न घालता चॉकलेट करायचं म्हटलं की सगळे खजुराकडे धावतात. आपल्या तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीकडच्या जंगलात मात्र मार्च-एप्रिलमध्ये गोडी झाडाखाली पडलेली असते. पहाटे बायाबापडे मोहफुलं वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. मोह म्हटला की दारूच आठवणाऱ्यांनी एकदा ती नुसती भाजून खावीत. २०२१ मध्ये राज्य सरकारने फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनंही सैल केली.

आता कोको. बाजारात ‘डार्क’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त लादीचं वेष्टण उलटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि पहिलं नाव बहुधा साखरेचंच असतं. म्हणून बिनसाखरेची कोको पावडर आणावी.

एक वाटी मोहफुलं चोळून आतले केसर आणि माती काढा. पटकन धुऊन कपड्यावर कोरडी करा, मग मंद आचेवर भाजा. फुगून खमंग वास सुटला की गरम असतानाच कुटा. चिकट गोळा होतो. चमचाभर तुपात तीन चमचे कोको मिनिटभर परता, नाहीतर जिभेला कच्चट लागतो. त्यात हा गोळा, वाटीभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट, चार चमचे जवस आणि चिमूटभर मीठ घालून मळा. वर चारोळी. ती मूठभरच घाला, कारण कवच फोडून दाणा काढायला काय कष्ट पडतात ते गावच्या बायांनाच ठाऊक! तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडा.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवलेल्या गोळ्या दिसायला देखण्या, हे खरं. पण कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपला पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो. शिवाय पातळ चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले तरी ते घट्ट होऊन दाणेदार होतं, आणि मोहाचा गोळा ओलसरच असतो. तेव्हा बुडवण्याची हौस थंडीत भागवा. तेव्हाही वड्या आधी पुरत्या सुकू द्या.

मोहाची असली तरी ती साखरच, त्यामुळे मधुमेह असेल तर हात आवरा. आणि थोड्याच करा. चारोळी-शेंगदाण्याला उन्हाळ्यात लवकर खवट वास येतो.