रक्तात आहे, पण मेंदूत नाही
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी डॉक्टरी विषयावर बोलते याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या नणंदबाईंच्या मुलाच्या आजाराने मला जे शिकवले, तेच मी सांगणार आहे. त्या आजाराचे नाव ‘सेरेब्रल फोलेट डेफिशियन्सी’, म्हणजे मेंदूत फोलेटची उणीव.

फोलेट हे पालेभाजीत, डाळी-उसळीत असणारे जीवनसत्त्व. त्याच्या शोधाचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली तेथे आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातले ते द्रव्य म्हणजे फोलेट, हे पुढे कळले.

हा आजार मात्र निराळा आणि फार विरळा. २००४ साली रामेकर्स आणि ब्लाउ या डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. रक्तात फोलेट पुरेसे असते, तरी मेंदू उपाशी राहतो. विहीर तुडुंब, पण पोहराच वर येत नाही, तसे. काही मुलांत हा पोहरा जन्मतःच सदोष असतो. हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. काही मुलांत शरीरच प्रतिद्रव्ये तयार करून पोहरा अडवते.

आमचा बाळ सहा महिन्यांपासून किरकिरा झाला. रात्र-रात्र झोपेना. कोणी म्हणाले दात येताहेत, कोणी दृष्ट काढली. दोन वर्षांचा झाला तरी पाऊल टाकताना तोल जाई, पुढे झटकेही आले. नणंदबाईंना काय काय ऐकावे लागले! “आईनेच गरोदरपणी नीट खाल्ले नसेल.” रक्त तपासले, तर फोलेट ठीक. अखेर मेंदूच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातले पाणी तपासायला सांगितले. घरची वडीलधारी मंडळी घाबरली, पण नणंदबाई ठाम राहिल्या. त्या तपासणीतच उणीव सापडली.

त्यावर औषध आहे फोलिनिक ॲसिड. गरोदरपणी घेतो ते फोलिक ॲसिड वेगळे. नावात एवढासा फरक, पण या आजारात फोलिक ॲसिड उपयोगाचे नाही, उलट अपाय होऊ शकतो. फोलिनिक दुसऱ्या वाटेने मेंदूत पोचते. दुकानात चिठ्ठी दाखवून नाव दोनदा वाचून घ्यावे. बाळाचे झटके आता कमी आहेत, भिंत धरून चालतो. बोलणे अजून थोडेच आहे. औषध लवकर मिळाले तर अधिक उपयोग होतो, असे डॉक्टर सांगतात.

म्हणून गरोदर सुनांच्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नका, त्या हव्यातच. आपल्या रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही. मूल शिकलेले विसरू लागले, तोल सांभाळेना, तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि त्या आईला बोल लावू नका. तिच्या घरी जा, दोन तास मूल सांभाळा, तिला जरा झोपू द्या.