वायुवाहिनीचे गणित

पाटाच्या पाण्याचा न्याय ग्रामीण भागात कोणास सांगावा लागत नाही. मुखाशी ज्याची जमीन, त्याचे रान भिजते. शेपटाकडील शेतकऱ्याने आपली चारी कितीही खोल खणली, तरी वरून पाणी सुटल्यावाचून त्याच्या वाट्यास काही येत नाही. जमिनीखालून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या नैसर्गिक वायूचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. मात्र तेथे कोणास किती मिळावे हे पाटकरी ठरवीत नाही; वाहिनी घालण्यापूर्वीच ते गणिताने ठरलेले असते.

मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात असलेल्या वसई क्षेत्रातील वायू सुरतेजवळ हजिरा येथे किनाऱ्यास लागतो. तो उत्तरेकडे नेण्यासाठी १९८४ साली भारत सरकारने ‘गेल’ ही संस्था स्थापन केली आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही सुमारे १७०० किलोमीटरची वाहिनी उभी राहिली. वडोदऱ्याच्या परिसरातून, झाबुआच्या डोंगराळ मुलखातून, गुणा जिल्ह्यातील विजयपूरमार्गे ती उत्तर प्रदेशात जाते. शेतकऱ्याच्या युरियाचे कारखाने आणि विजेची केंद्रे तिच्यावर अवलंबून आहेत. अशी वाहिनी योजताना पहिला प्रश्न हाच, की इतक्या व्यासाच्या नळातून, इतक्या दाबाने, इतक्या अंतरावर दिवसाकाठी किती वायू पोचेल?

पाण्याचे उत्तर येथे चालत नाही. पाणी दाबाने आकसत नाही. म्हणून सपाट जमिनीवरील सारख्या नळात त्याचा दाब प्रत्येक किलोमीटरला सारखाच उतरतो. वायू मात्र दाब कमी होताच फुगतो. दाब निम्मा झाला, की तेवढाच वायू दुप्पट जागा व्यापतो आणि त्याच नळातून पुढे सरकण्यासाठी त्यास दुप्पट वेगाने धावावे लागते. वेग वाढला, की घर्षण वाढते. घर्षण वाढले, की दाब आणखी झपाट्याने उतरतो. प्रवासाच्या अखेरीस वायू जणू धापा टाकीत असतो.

हे वर्तन सूत्रात बांधणाऱ्यांमध्ये अमेरिकन अभियंता थॉमस वेमाउथ याचे नाव अग्रभागी आहे. १९१२ साली त्याने मांडलेल्या सूत्राचे मर्म असे : आरंभीच्या दाबाचा वर्ग घ्यावा, त्यातून अखेरच्या दाबाचा वर्ग वजा करावा, बाकीस अंतराने भागावे आणि त्याचे वर्गमूळ काढावे, प्रवाह त्या प्रमाणात असतो. नुसत्या दाबांची वजाबाकी नव्हे, तर त्यांच्या वर्गांची वजाबाकी, हीच त्यातील मेख होय. येथे दाब म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला दाब.

एक उदाहरण घ्यावे. शंभर किलोमीटरच्या नळात वायू ८० बार दाबाने शिरतो आणि ४० बार दाबाने बाहेर पडतो. वर्ग अनुक्रमे ६४०० व १६००, बाकी ४८००. यावरून वाटेतील दाब काढला, तर पहिल्या पंचवीस किलोमीटरांत सुमारे ८ बार खर्ची पडतात, शेवटच्या पंचवीसांत जवळजवळ १३.

आता शेवटच्या टोकास अधिक वायू हवा आहे. तेथील दाब दहा बारांनी उतरवून ओढ वाढविली, तर प्रवाह सुमारे ७ टक्के वाढतो. उलट मुखाशी दाब दहा बारांनी चढविला, तर तो १६ टक्के वाढतो. याहून विलक्षण म्हणजे, शेवटच्या टोकाचा दाब थेट शून्यापर्यंत नेला, असे केवळ गणितापुरते धरले, तरीही वाढ साडेपंधरा टक्क्यांपलीकडे जात नाही. ओढणाऱ्याच्या हाती फार थोडे असते. ढकलणाऱ्याच्या हाती पुष्कळ.

म्हणूनच लांब वाहिनीवर ठिकठिकाणी वायूस पुन्हा दाब देणारी केंद्रे असतात. झाबुआ आणि विजयपूर येथील केंद्रे याच कामाची. वरील नळाच्या मध्यावर असे एक केंद्र बसवून दाब पुन्हा ८० बारांवर नेला, तर प्रवाह सुमारे ४१ टक्के वाढतो. नळाच्या व्यासाचा प्रभाव तर याहून मोठा आहे. व्यास दुप्पट केला, तर नळाचे तोंड चौपट होते, परंतु वेमाउथच्या सूत्रानुसार प्रवाह सहा पटींहून अधिक होतो. पोलाद मात्र महाग आणि दाबयंत्रे स्वतःच इंधन खाणारी. या दोहोंचा मेळ घालणे हे अभियंत्याचे खरे कौशल्य.

सूत्र म्हणजे निसर्ग नव्हे, हेही ध्यानी ठेवावे लागते. मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांत वेमाउथचे उत्तर प्रत्यक्षाहून कमी भरते, म्हणून पुढे ‘पॅनहँडल’ नावाची सूत्रे प्रचारात आली. भूमीचा चढउतार, वायूचे तापमान, त्याची घनता हेही हिशेबात धरावे लागतात. शिवाय प्रत्येक सूत्र नळ स्वच्छ व वायू कोरडा आहे असे गृहीत धरते. आत पाणी साचले, गंज चढला, की प्रवाह गणितापेक्षा कमी पडू लागतो. ही तफावत कागदावर गुणक बदलून मिटविता येते. पण तो नळाने दिलेला निरोप असू शकतो. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम् गावी गंजलेल्या वाहिनीतून गळलेल्या वायूने पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. लहानशी गळती हिशेबातील चुकीच्या मर्यादेत सहज लपून राहते. यास्तव आकडेमोड नळाच्या प्रत्यक्ष तपासणीची जागा कधीही घेऊ शकत नाही.

घरोघरी नळाने वायू देण्याचे काम आता अनेक शहरांत चालू आहे. दाभोळहून बेळगावमार्गे बंगळूरुकडे जाणारी वाहिनीही २०१३ पासून कार्यरत आहे. शेवटच्या घरातील ज्योत मंद झाली, तर त्या घरच्या गृहिणीने चावी अधिक फिरवून फारसे साधत नाही. तिचा वाटा कित्येक किलोमीटर मागे, नळाचा व्यास आणि मुखाचा दाब ठरविताना निश्चित झालेला असतो. शेपटाकडच्यास न्याय द्यावयाचा असेल, तर त्याचा विचार मुखाशीच व्हावयास हवा. वर्गांच्या त्या वजाबाकीचा अर्थ एवढाच आहे.