टाकाऊ ट्रेची टिकाऊ मुंगी



अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे रिकामा झाला?
टाकू नका.
स्वच्छ, कोरडा ट्रे घ्या.
एका ओळीतल्या तीन वाट्या सलग कापा.
कात्री मोठ्यांनीच धरायची, बरं का!

वाट्या पालथ्या ठेवा.
काळा रंग द्या.
झालं मुंगीचं डोकं, छाती आणि पोट.

आता पाय.
खराट्याच्या काडीचे सहा तुकडे करा.
ते लावायचे कुठे?
फक्त मधल्या वाटीला.
तीन इकडे, तीन तिकडे.

डोक्याला दोन मिशा लावा.
मुंगी वास घेते, तो या मिशांनीच.

लक्षात ठेवा.
कीटकाचे पाय सहा.
आणि सहाही छातीलाच!
कोळ्याला पाय आठ.
म्हणून कोळी कीटक नाही.

मग, मुंगी करणार ना?
पाय मात्र मोजून लावा... सहा!