आधी हात, मग पाटी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'आयटीतली नोकरी सोडून इंजिनांचा धंदा कशाला?' 'कशाला' याचं उत्तर एका शब्दात संपतं: आवड. पण तयारी कशी केली, याचं उत्तर जरा लांब आहे आणि तेच तुमच्या मुलामुलींच्या उपयोगाचं आहे.

माझी पदवी मेकॅनिकलची. कॉलेजात कंपन्या आल्या, सॉफ्टवेअरवाल्यांनी उचललं आणि २२ वर्षं मी कोड लिहिला. आता शर्यतीच्या मोटारसायकलींची इंजिनं तयार करून द्यायची आहेत. बोअर, हेड, इंधनाचा मॅप, सगळं. मॅप म्हणजे एक तक्ताच असतो. इंजिनाचे फेरे किती, त्यावर भार किती, त्यानुसार पेट्रोल किती सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. ते काम मला घरबसल्या जमलं असतं. पण मॅप चुकून पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळू शकतो. कोडची जुनी आवृत्ती परत आणता येते, पिस्टनची नाही. म्हणून ठरवलं, आधी हात तयार करायचे, मग दुकानाची पाटी लावायची.

गुरू आपल्याच वर्गात सापडला. दहावीनंतर आयटीआयला गेला, मग कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभा राहिला आणि आता स्वतःचं गॅरेज चालवतो. नाव घ्यायचं नाही, अशी त्याची ताकीद आहे. तो इथेच बसलाय. दीड वर्षं मी दर शनिवार-रविवार त्याच्याकडे काम केलं. पहिल्या दिवशी म्हणाला, ''मॅडम, खुर्ची नाही हं इथं.'' पुढच्या महिन्यात 'मॅडम'चं 'अगं' झालं. ती माझी पहिली बढती.

पहिले दोन महिने त्याने मला फक्त मोजायला लावलं. सिलिंडर वर, मध्ये, खाली, प्रत्येक जागी दोन दिशांनी. घासलेला सिलिंडर गोल राहत नाही, अंडाकार होतो, आणि वरून खाली सारखाही राहत नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. आपल्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर आठवतो? त्याचं लघुतम माप ०.१ मिलिमीटर. तो इथे उपयोगाचा नाही, मायक्रोमीटर लागतो. पण वाचायची सवय तीच.

ब्युरेट मात्र आपलीच! हेडमधली पोकळी किती घनसेंटिमीटरची आहे हे मोजायला वर पारदर्शक पट्टी बसवायची, तिच्या भोकातून ब्युरेटने द्रव सोडायचा आणि तळरेषा डोळ्यांच्या पातळीवर ठेवून आकडा घ्यायचा. १५० सीसीच्या इंजिनात ही पोकळी १५ घनसेंटिमीटर असेल, तर १६५ भागिले १५, म्हणजे कॉम्प्रेशन ११. हेड घासून पोकळी १४ केली, की तेच ११.७ होतं. एका घनसेंटिमीटरचा खेळ! कॉम्प्रेशन फार वाढलं, तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि हातोड्याचे घाव पिस्टनवर बसतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो ठोका कानाने ओळखायला मित्राने शिकवलं.

राजीनामा देण्याआधी मी स्वतःला तीन अटी घातल्या होत्या. पहिली, मित्राचा हात न लागता इंजिन पूर्ण उघडून परत बसवायचं. अशी १४ झाली. दुसरी, कामाला किती तास लागतील हे आधी वहीत लिहायचं आणि नंतर खरे तास शेजारी लिहायचे. पहिल्या इंजिनाला अंदाज ९ तास, लागले २२. शेवटच्या तिन्हींत फरक तासाभराचा. हे जमल्याशिवाय गिऱ्हाइकाला दर सांगता येत नाही. तिसरी अट, 'नाही' म्हणता येणं. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलेजातला एक पोरगा रोख पैसे घेऊन आला होता. मी नको म्हटलं. मित्र काही बोलला नाही, चहा मात्र त्याने सांगितला.

सोइचिरो होंडा यांची गोष्ट यात मला आधार देते. १९२२ साली, पंधराव्या वर्षी ते टोकियोतल्या एका गॅरेजात शिकाऊ म्हणून लागले. पुढे पिस्टन रिंगा बनवायला घेतल्या, तर धातूचं ज्ञान कमी पडलं, म्हणून तांत्रिक शाळेत जाऊन बसले. युद्धानंतर सैन्याच्या वायरलेस यंत्रांसाठीची छोटी इंजिनं त्यांनी सायकलींना जोडली. होंडा मोटर १९४८ची, त्यानंतरची. त्यांना हात होते, पुस्तक नंतर आलं. माझं उलट. पण दोन्ही लागतातच.

पुढच्या महिन्यात माझी नोकरी संपते. घराच्या कर्जाची ६ वर्षं बाकी आहेत, म्हणून वर्षभराचा खर्च बाजूला काढलाय. आई अजून नाराज आहे. मित्र भागीदार होतोय, अर्ध्या हिश्श्याने. बँकेत कागद माझ्या पदवीचे पाहिले गेले, आणि त्याचा २६ वर्षांचा हात कुठल्या रकान्यात बसेना. म्हणून करारात आम्ही तो रकाना केलाय: यंत्राबाबत शेवटचा शब्द त्याचा.

शाळेकडे एक मागणं आहे. नववीच्या मुलामुलींना, मुलींना आवर्जून, महिन्यातून एक शनिवार आमच्याकडे पाठवा. मायक्रोमीटर आम्ही देऊ. ब्युरेट मात्र प्रयोगशाळेतून आणा, आमच्याकडे एकच आहे.